जंगलाची तोड वेगळी मांडा, वाढ वेगळी

२८ फेब्रुवारी २०२१ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी५१ या रॉकेटने उड्डाण केले. त्यातला मुख्य उपग्रह भारताचा नव्हता. ६३७ किलो वजनाचा 'अमेझोनिया-१' हा ब्राझीलने आराखड्यापासून चाचण्यांपर्यंत स्वतः घडवलेला पहिला पृथ्वीनिरीक्षक उपग्रह होता, आणि त्याचे पहिले काम होते अमेझॉनच्या जंगलावर नजर ठेवणे. ब्राझीलच्या या कामाशी भारताचा संबंध त्याच्याही आधीपासूनचा आहे. अमेरिकेचा लँडसॅट-५ निकामी झाल्यावर २०१२ सालच्या जंगलतोडीचा नकाशा करताना ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहाची चित्रे वापरली, आणि पुढे त्यांच्या रोजच्या इशारा-यंत्रणेतही त्याच मालिकेतल्या उपग्रहाचा एक कॅमेरा कामी आला. म्हणजे तंत्र आपल्याकडे आहे, उपग्रह आहेत, तज्ज्ञही आहेत. तरीही आपल्या देशात जंगलाची चर्चा दर दोन वर्षांनी एका आकड्याभोवती फिरते: वनाच्छादन इतके चौरस किलोमीटर वाढले किंवा इतके घटले. या एका आकड्याने जंगलाची खरी स्थिती कळत नाही, किंबहुना ती झाकली जाते, असे माझे म्हणणे आहे. त्याचे कारण उपग्रह जंगल कसे पाहतो यातच दडलेले आहे. उपग्रहाला तोड लख्ख दिसते, वाढ मात्र अंधूक दिसते. दोन्हींची खात्री सारखी नसताना त्यांची बेरीज-वजाबाकी करून एक उत्तर काढणे हिशोबाच्या दृष्टीने चूक आहे आणि जंगलाच्या दृष्टीने घातक आहे.

उपग्रहाचा कॅमेरा आपल्या डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही टिपतो, आणि जंगल ओळखण्यात त्या प्रकाशाचा वाटा सर्वांत मोठा असतो. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते, कारण हरितद्रव्याला तो अन्न तयार करायला लागतो. अवरक्त प्रकाशाचा जवळचा पट्टा मात्र पानाच्या आतल्या पेशींवरून मोठ्या प्रमाणात परत फिरतो. या दोन पट्ट्यांतला फरक मोजला की जमिनीवर हिरवी पाने किती दाट आहेत याचा अंदाज येतो. त्यापुढचा लघुलहरी अवरक्त पट्टा पाण्यात शोषला जातो, म्हणून त्यावरून पानांतला ओलावा कळतो; ओली राई आणि उघडी, कोरडी माती त्यात ठळकपणे वेगळी पडतात. लँडसॅटच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद असतो, म्हणजे ९०० चौरस मीटर. एका हेक्टरात असे अकरा ठिपके बसतात. एकेक झाड त्यात दिसत नाही. दिसते ती त्या तुकड्यातल्या पाने, फांद्या, सावली आणि माती यांची सरासरी. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा ठिपका १० मीटरचा आहे, आणि त्यांची जोडी दर पाच दिवसांनी त्याच जागेवर परतते. पहिला लँडसॅट जुलै १९७२ मध्ये गेला, त्यामुळे पृथ्वीवरच्या बहुतेक जंगलांची पन्नास वर्षांची चित्रे आज साठ्यात आहेत. पण हा साठा खऱ्या अर्थाने कामाला लागला तो २००८ नंतर. तोवर एका चित्राला सुमारे ६०० डॉलर मोजावे लागत, त्यामुळे अभ्यासक मोजकी चित्रे विकत घेऊन आधीचे एक आणि नंतरचे एक अशी तुलना करत. २००८ साली सारा साठा फुकट खुला झाला आणि एकाच ठिपक्याचा वर्षानुवर्षांचा आलेख काढणे शक्य झाले. माझ्या मते कुठल्याही नव्या कॅमेऱ्यापेक्षा त्या एका निर्णयाने जंगलांच्या अभ्यासाला अधिक बळ दिले.

तोड कशी दिसते हे जवळून पाहायचे तर ब्राझीलच्या पश्चिमेकडच्या रोन्दोनिया राज्याची चित्रे काढावीत. १९७० च्या दशकाच्या मध्याला तिथे जवळपास सलग जंगल आहे आणि त्यातून बीआर-३६४ हा महामार्ग एका बारीक रेघेसारखा जातो. सरकारने वसाहतीसाठी जमिनी वाटायला सुरुवात केल्यावर या रेघेला काटकोनात फाटे फुटतात, प्रत्येक फाटा ठरावीक अंतरावर, आणि प्रत्येक फाट्याच्या दोन्ही अंगांना आयताकृती तुकडे उजळत जातात. कुठूनही पाहा, माशाच्या सांगाड्यासारखी ही आकृती चुकत नाही. अभ्यासकही तिला 'माशाचा काटा' असेच म्हणतात. पुढच्या वर्षांच्या चित्रांत आयत रुंदावतात, एकमेकांना भिडतात, आणि १९९० च्या दशकापर्यंत मधल्या जंगलाच्या पट्ट्या उरतात, त्याही तुटक. नकाशाच्या नेहमीच्या रंगयोजनेत जंगल गडद हिरवे आणि नुकतीच उघडी पडलेली माती गुलाबी-जांभळी दिसते. ज्याला उपग्रहशास्त्राचा गंध नाही असा माणूसही कुठे काय तुटले हे बोट ठेवून दाखवू शकतो. साफतोडीच्या बाबतीत उपग्रहाची साक्ष एवढी स्पष्ट असते.

ब्राझीलच्या अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजे साओ जोजे दोस काम्पोस इथल्या इन्पेने, १९८८ पासून दरवर्षी या साक्षीची मोजदाद केली आहे. प्रोदेस नावाच्या या मोजणीत एक साधा, कडक नियम पाळला जातो: ऑगस्ट ते जुलै या वर्षात ६.२५ हेक्टरांहून मोठा जो तुकडा साफ झाला तो नोंदवायचा, आणि एकदा नोंदवलेला तुकडा पुन्हा जंगलात धरायचा नाही. तिथे पुढे झाडोरा वाढला तरी त्या वाढीने तोडीचा आकडा कमी होत नाही. २००४ साली हा आकडा सुमारे २७,७०० चौरस किलोमीटरांवर गेला. गोवा राज्याच्या सातपट जंगल एका वर्षात. त्याच वर्षी मारिना सिल्वा पर्यावरणमंत्री असताना सरकारने अमेझॉनसाठी कृतियोजना आणली आणि इन्पेने देतेर ही दुसरी यंत्रणा सुरू केली. प्रोदेस वर्षाचा हिशोब देते, तर देतेर चालू तोडीचा इशारा इबामा या अंमलबजावणी यंत्रणेला देते, म्हणजे करवती चालू असतानाच पथक पोहोचावे. २००८ मध्ये सर्वाधिक तोड होणाऱ्या नगरपालिका क्षेत्रांची यादी जाहीर झाली आणि अमेझॉनमधल्या शेतकर्जाला कायदेशीर कागदपत्रांची अट घातली गेली. लाकूडगिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेले पारा राज्यातले पारागोमिनास त्या यादीत होते. तिथल्या नगरपालिकेने, जमीनमालकांनी आणि संस्थांनी मिळून जमिनींची नोंदणी केली, तोड आटोक्यात आणली आणि २०१० साली यादीतून नाव काढून घेतले. २०१२ पर्यंत साऱ्या अमेझॉनमधली वार्षिक तोड सुमारे ४,६०० चौरस किलोमीटरांवर आली होती. आठ वर्षांत ऐंशी टक्क्यांहून अधिक घट झाली. ती एकट्या उपग्रहामुळे झाली असे कोणी म्हणत नाही. नव्याने तोडलेल्या जमिनीवरचे सोयाबीन न घेण्याचा व्यापाऱ्यांचा २००६ चा करार, नवी संरक्षित क्षेत्रे, बाजारभाव यांचाही त्यात वाटा आहे. पण कुठे जायचे हेच माहीत नसते, तर इबामाची पथके एवढ्या अवाढव्य जंगलात काय करणार होती?

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. उपग्रह फक्त पाहतो. झाड वाचवत नाही. २०१९ नंतर देतेर पूर्ववत इशारे देत होती, आणि तरीही तोड वाढत गेली, २०२१ मध्ये ती १३,००० चौरस किलोमीटरांवर पोहोचली. इशारा घेऊन जाणारे पथकच दुबळे झाले की इशाऱ्याचा उपयोग होत नाही. पण त्या काळातली एक घटना मला फार महत्त्वाची वाटते. जुलै २०१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जाइर बोल्सोनारो यांनी इन्पेच्या आकड्यांवर जाहीर अविश्वास दाखवला. संस्थेचे संचालक, भौतिकशास्त्रज्ञ रिकार्दो गाल्वाओ यांनी माघार न घेता आकड्यांचे समर्थन केले आणि ऑगस्टमध्ये त्यांना पद गमवावे लागले. संचालक गेले, आकडे मात्र गेले नाहीत. नकाशे जगासमोर खुले होते आणि ज्या चित्रांवरून ते केले ती चित्रेही खुली होती; ब्राझीलमधल्या स्वतंत्र गटांनी आणि परदेशी विद्यापीठांनी ती तपासली, तीच दिशा त्यांनाही दिसली, आणि त्या वर्षाचा प्रोदेसचा आकडा जेव्हा आला तेव्हा तो १०,००० चौरस किलोमीटरांच्या वर होता. सरकारला कारवाई टाळता आली, पण तोड लपवता आली नाही. पुढे सरकार बदलले, मारिना सिल्वा पुन्हा मंत्री झाल्या, पथके परत कामाला लागली आणि २०२४ चा आकडा सुमारे ६,३०० वर उतरला. यातून दिसते ते एवढेच की माहिती आणि अंमलबजावणी या दोन्हींची गरज असते; एक नसल्यावर दुसरी निरर्थक ठरते असे मात्र नाही. वाईट वर्षांतही माहिती टिकली म्हणून चांगल्या वर्षांत कुठून सुरुवात करायची ते ठाऊक होते.

साफतोड दिसते म्हणून सारी तोड दिसते असे समजणे मात्र भाबडेपणाचे आहे. अमेझॉनमध्ये इपे किंवा महोगनीसारखी किमती झाडे निवडून काढणारा लाकूडव्यापारी अख्खे रान साफ करत नाही. तो हेक्टरी मोजकी झाडे पाडतो. चित्रात दिसते ती जंगलात शिरलेली एक बारीक वाट, तिच्या कडेला ओंडके रचण्यासाठी मोकळ्या केलेल्या जागांचे ठिपके आणि छतात पडलेली भोके. वर्ष-दोन वर्षांत वेली आणि कोवळी झाडे ती भोके झाकून टाकतात, आणि पुढच्या चित्रात तिथे पुन्हा सलग हिरवे दिसते. ग्रेगरी अॅस्नर आणि सहकाऱ्यांनी २००५ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९९९ ते २००२ या काळात ब्राझीलच्या अमेझॉनमधले दरवर्षी १२,००० ते जवळपास २०,००० चौरस किलोमीटर जंगल अशा निवडक तोडीने बाधित होत असल्याचे आढळले. म्हणजे साफतोडीच्या तोडीस तोड असे नुकसान नेहमीच्या मोजणीत येतच नव्हते. यंत्रणेला जे दिसत नाही तिकडे तोडणारा सरकतो, हेही लक्षात ठेवायला हवे. देतेरच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्याला २५ हेक्टरांखालची तोड दिसत नसे. त्यानंतरच्या वर्षांत लहान तुकड्यांचा वाटा वाढला. त्याची कारणे एकच नाहीत, पण २०१५ मध्ये इन्पेने अधिक बारीक नजरेची देतेर आणली ती अशीच लहान तोड पकडण्यासाठी. तिसरी अडचण ढगांची. पाऊसवनावर महिनोन्महिने ढग असतात, आणि आपल्या कोकणातही जून ते सप्टेंबर प्रकाशाचा कॅमेरा जवळपास आंधळा असतो. त्यावर उपाय रडारचा. रडार स्वतःच्या लहरी सोडते, त्या ढगांतून आणि अंधारातून आरपार जातात आणि झाडांच्या फांद्या-खोडांवर आपटून परततात. युरोपचे सेंटिनेल-१ हे काम २०१४ पासून करते. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहूनच गेलेल्या इस्रो आणि नासाच्या निसार उपग्रहावर दोन वेगळ्या लांबीच्या लहरींची रडारे आहेत, आणि बारा दिवसांनी तो त्याच जागेवर परततो. यातली लांब लहर पानांच्या छताच्या आत शिरते, त्यामुळे नुसत्या पानांपेक्षा लाकडाबद्दल अधिक काही सांगू शकते.

लाकडाबद्दल सांगणे का महत्त्वाचे, हे वाढीच्या प्रश्नाकडे वळले की कळते. तोड ही घटना आहे. तिला तारीख असते, आणि तिच्या आधीच्या व नंतरच्या चित्रांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. वाढीला तारीख नसते. तोडलेल्या जागी पहिल्या पावसाबरोबर गवत येते, मग झुडपे, मग झपाट्याने वाढणारी हलक्या लाकडाची झाडे. अमेझॉनमध्ये ही पहिली पिढी बहुतेकदा सिक्रोपियासारख्या झाडांची असते. त्यांची मोठी पाने सपाट, एकसारखे छत धरतात, आणि काही वर्षांतच हिरवेपणाच्या निर्देशांकात ते रान जुन्या जंगलाच्या बरोबरीला येते. जवळच्या अवरक्त प्रकाशात तर ते जुन्या जंगलाहून उजळ दिसू शकते, कारण जुन्या जंगलात उंच-सखल माथ्यांच्या सावल्या असतात आणि या कोवळ्या रानात त्या नसतात. निर्देशांकावर विश्वास ठेवला तर जंगल परत आले असे म्हणावे लागेल. जमिनीवर जाऊन मोजणाऱ्यांचे उत्तर वेगळे आहे. लोरेन्स पूर्टर आणि त्यांच्या मोठ्या गटाने मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या उगवत्या जंगलांचा अभ्यास २०१६ साली 'नेचर'मध्ये मांडला: जुन्या जंगलातल्या लाकूड-पाल्याच्या वजनाच्या ९० टक्क्यांपर्यंत पोहोचायला लागणाऱ्या काळाचा मध्यक ६६ वर्षे आहे. त्याच गटाच्या २०२१ च्या अभ्यासानुसार माती दहा वर्षांच्या आत सावरते, झाडांची रचना सावरायला २५ ते ६० वर्षे लागतात, आणि पूर्वीच्या जाती पूर्वीच्या प्रमाणात परतायला १२० वर्षांहून अधिक काळ जातो. उगवत्या जंगलाच्या दृष्टीने ही बातमी चांगलीच आहे. मोकळे सोडले तर रान परत येते. पण ते मोकळे सोडले जाते का? इन्पे आणि ब्राझीलची कृषी संशोधन संस्था एम्ब्रापा यांच्या तेराक्लास या नकाशांनुसार अमेझॉनमध्ये तोडलेल्या जमिनीपैकी एक पंचमांशाहून थोड्या अधिक भागावर पुन्हा झाडोरा वाढलेला दिसतो, आणि त्यातला बराचसा काही वर्षांतच पुन्हा कुरणासाठी कापला जातो. म्हणून एका वर्षाच्या नकाशात दिसलेली वाढ ही वाढ म्हणून धरायची, तर तिचे वय सांगितले पाहिजे. सलग वर्षांची चित्रे हाताशी असल्यामुळे ते आता सांगता येते. उंचीसाठी अंतराळ स्थानकावरचे जेडी हे लेसर उपकरण आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये गेलेला युरोपचा बायोमास उपग्रह अतिलांब लहरींच्या रडारने लाकडाचे वजन अजमावण्यासाठीच बांधला आहे.

मॅथ्यू हॅन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये साडेसहा लाखांहून अधिक लँडसॅट चित्रांवरून साऱ्या जगाच्या वृक्षाच्छादनाचा नकाशा केला, तेव्हा हीच अडचण त्यांच्यापुढेही होती. २००० ते २०१२ या काळात २३ लाख चौरस किलोमीटर आच्छादन गेले आणि ८ लाख चौरस किलोमीटर आले, असे त्यांनी मांडले. त्यांच्या मांडणीतला एक तपशील बोलका आहे: घट त्यांनी वर्षवार दिली, वाढ मात्र बारा वर्षांची एकत्र दिली, कारण कुठल्या वर्षी वाढ झाली हे ठामपणे सांगणे शक्य नव्हते. जगातल्या उत्तम शास्त्रज्ञांनी ज्या दोन गोष्टी वेगवेगळ्या खात्रीने मांडल्या, त्यांची वजाबाकी करून १५ लाख हा एकच आकडा पुढे करणे त्यांनाही न रुचणारे ठरेल.

आपल्याकडे नेमके तेच होते. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी वनस्थितीचा अहवाल काढते, आणि उपग्रहाच्या आधारे इतक्या नियमितपणे साऱ्या देशाची पाहणी करणारे देश जगात थोडे आहेत. या कामाबद्दल मला आदर आहे. पण अहवालातली 'वनाच्छादन' ही संज्ञा वाचकाने समजून घ्यावी. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या जमिनीवर झाडांचे छत दहा टक्क्यांहून अधिक आहे ती वनाच्छादनात येते. मालकी कोणाची, झाडे कोणती, याचा संबंध नाही. आमराई, काजूची बाग, नारळाची वाडी, रबराची लागवड, बांबूचे बेट, सगळे त्यात येते. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ताज्या अहवालात देशाचे वनाच्छादन ७,१५,३४३ चौरस किलोमीटर आहे आणि मागच्या अहवालापेक्षा ते १५६ चौरस किलोमीटरांनी वाढले आहे. ही १५६ ची वाढ म्हणजे कुठेतरी गेलेले जंगल आणि कुठेतरी आलेली झाडे यांची वजाबाकी आहे. एका घरातले कर्ते माणूस गेले आणि त्याच वर्षी पाळण्यात मूल आले, तर शिरगणतीत फरक पडत नाही; त्या घरावर काय ओढवले ते शिरगणती सांगत नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात डोंगरउतारावरचे मिश्र रान काढून रबराच्या बागा उभ्या राहिल्या. सावंतवाडी-दोडामार्ग हा पट्टा वन्यप्राण्यांच्या ये-जा करण्याचा मार्ग, म्हणून २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिथे वृक्षतोडीला बंदी घातली. वनाच्छादनाच्या व्याख्येनुसार मात्र रान जाऊन तिथे रबर दाट वाढले की घट उरतच नाही. अहवालात घनतेच्या वर्गांमधल्या बदलांचा तक्ता असतो, हे मान्य केले पाहिजे, पण नैसर्गिक रान आणि लागवड वेगळी काढणारी विभागणी त्या मुख्य आकड्यात नसते. जुन्या आणि नव्या अहवालांची थेट तुलनाही करू नये. १९८७ मध्ये ४०० हेक्टरांहून लहान तुकडा नकाशावर येतच नसे, आज एक हेक्टरचा येतो. तेव्हाचे ६,४०,८१९ आणि आताचे ७,१५,३४३ यांच्यातल्या फरकाला जंगलाची वाढ म्हणणे म्हणजे चष्मा बदलल्यामुळे दिसू लागलेल्या गोष्टी नव्याने जन्माला आल्या असे म्हणणे.

यावर जाणकार एक उत्तर देतात, आणि ते टाळण्यासारखे नाही. हवामानासाठी कर्ब महत्त्वाचा आहे, कर्ब झाडाची जात विचारत नाही. शिवाय कोकणातल्या शेतकऱ्याने वरकस जमिनीवर आंबा-काजू लावला तर त्यात गैर काय? गैर काहीच नाही. बागेची नोंद व्हावी, तिचे कौतुकही व्हावे, तिला मदतही मिळावी. पण कर्बाचाच हिशोब धरला तरी कोवळी लागवड जुन्या रानाची भरपाई लगेच करत नाही, हे पूर्टर यांच्या आकड्यांतून दिसते; आणि जंगल म्हणजे केवळ कर्ब नव्हे. ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ यांच्या मिश्र रानात पाणी मुरते, शेकरू आणि धनेश राहतात, गावाला औषध-सरपण मिळते. एकाच जातीच्या बागेत त्यातले थोडेच उरते. म्हणून बाग वेगळ्या स्तंभात, रान वेगळ्या स्तंभात. तसे करायला तंत्र आड येत नाही. सह्याद्रीतली पानझडी झाडे फेब्रुवारी ते एप्रिल निष्पर्ण होतात, रबर आणि काजूचे वेळापत्रक वेगळे असते, आणि वर्षभराच्या चित्रांवरून हे फरक ओळखता येतात. एकाच हंगामाच्या चित्रावर थांबले की उन्हाळ्यातले रान तोडलेले वाटते आणि पावसाळ्यानंतरचे गवत झाडोरा वाटते.

दुसरा आक्षेप मला अधिक अस्वस्थ करतो. आकाशातली नजर नेहमी गरिबावर रोखली जाते, असे आदिवासी संघटना म्हणतात. ईशान्येतल्या डोंगरांवरची झूम, म्हणजे फिरती, शेती चित्रात तोड म्हणूनच दिसते, आणि तिथले वनाच्छादन घटल्याचे कारण म्हणून अहवालांत तिचे नाव वारंवार येते, जरी पड टाकलेल्या जमिनीवर रान पुन्हा उगवत असले तरी. कोकणातही मालकीच्या रानातला ऐन-किंजळ तोडला तर बुंध्याला फुटवे येतात आणि रान पुन्हा उठते. एका वर्षाचे चित्र या तोडीत आणि खाणीसाठी कायमच्या साफ केलेल्या डोंगरात फरक करत नाही. पण पंधरा-वीस वर्षांचा आलेख तो फरक करतो: झूमचा आलेख खाली जातो, वर येतो, पुन्हा खाली जातो, खाणीचा खाली जातो आणि तिथेच राहतो. म्हणजे तोड आणि वाढ वेगळी, वर्षवार मांडली की ती झूम करणाऱ्याच्या बाजूनेही साक्ष देते. शिवाय ही माहिती कोणाच्या हातात आहे, यावर बरेच काही ठरते. पेरूच्या लोरेतो भागातल्या ७६ आदिवासी गावांमध्ये झालेल्या एका प्रयोगात, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडलेल्या साधारण निम्म्या गावांतल्या लोकांना उपग्रहाचे तोडीचे इशारे आणि ते स्मार्टफोनवर वापरण्याचे प्रशिक्षण दिले गेले. इशारा आला की गावातलेच लोक जागेवर जात, पाहणी करत आणि गावसभेत ठरवत की स्वतः अडवायचे की अधिकाऱ्यांना कळवायचे. २०२१ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षानुसार इतर गावांच्या तुलनेत या गावांतली तोड पहिल्या वर्षी ५२ टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी २१ टक्क्यांनी कमी राहिली. दुसऱ्या वर्षी परिणाम ओसरला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. गडचिरोलीत वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभा आज स्वतःच्या जंगलाचे व्यवस्थापन करतात. असे इशारे आधी त्यांच्याकडे यावेत, असे मला वाटते.

त्यासाठी नवा उपग्रह लागत नाही. लँडसॅट आणि सेंटिनेल यांची चित्रे कोणालाही फुकट पाहता येतात, ग्लोबल फॉरेस्ट वॉच या संकेतस्थळावर आपल्या तालुक्याभोवती रेघ ओढून तिथल्या तोडीचे इशारे ईमेलने मागवता येतात, आणि निसारची माहितीही खुली ठेवण्याचे धोरण जाहीर झालेले आहे. कमी आहे ती सरकारी आकड्यांच्या मांडणीत. वन सर्वेक्षणाच्या पुढच्या अहवालात वर्षाला किती नैसर्गिक जंगल गेले हे एका स्तंभात, किती झाडोरा आला आणि त्याचे वय काय हे दुसऱ्या स्तंभात, आणि बागा-लागवडी तिसऱ्या स्तंभात असाव्यात. तिन्हींचे नकाशे गावपातळीपर्यंत, सामान्य नागरिकाला उघडून तपासता येतील असे असावेत. तो अहवाल येईल त्या दिवशी वर्तमानपत्रांत पुन्हा एकच आकडा छापला जाईल. तेव्हा वाचकांनी आपल्या लोकप्रतिनिधीला आणि वन विभागाला एवढे तरी विचारावे: आमच्या जिल्ह्यात यातले जुने रान किती गेले, आणि ते कुठे होते?